एक वीत लांब

माझ्या साकोलीच्या घरमालकांनी आयुष्यात एकही पाटी वाचायची सोडली नाही आणि वाचलेली मोडली नाही. एकच मोडली. ती भंडाऱ्याच्या बसस्टँडवर, जावयाच्या नव्याकोऱ्या गाडीत बसून. आणि तिच्यापायी मला अख्खा दिवस त्या गाडीची राखण करत बसावं लागलं.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. एस्टीत कंडक्टर होते. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवृत्त फक्त एस्टीनं केलं होतं, ते स्वतः झाले नव्हते. मी मूळची आसगावची. साकोलीच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले. खोली दाखवताना त्यांनी आधी दाराच्या मागची बाजू दाखवली. तिथं पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: 'बसून २, उभे १.'

"हे काय?" मी विचारलं.

"या खोलीत दोघं बसून, एक उभा. त्याच्याहून जास्त पाहुने आले तं खाली उतरवजा."

मी हसले. ते हसले नाहीत. पुढं एकदा माझे आईवडील आणि मावशी आसगावहून आले, तेव्हा चहा होईपर्यंत मावशी उभी राहिली आणि मी दाराबाहेर, कारण काकाजी समोरच्या छपरीत, म्हणजे पडवीत, बसून आमच्याकडे पाहत होते.

घरभर अशा पाट्या. जिन्यावर 'पायरी चढताना मागे पाहू नये'. न्हाणीघरात 'बादली भरल्यावर नळ बंद करावा. न केल्यास नळाचा दोष नाही.' अंगणातल्या फणसाच्या खोडावर 'खाली उभे राहणाऱ्याने वर पाहावे'. शेजारणीच्या गायीनं एकदा त्यांच्या धोतराचं टोक चघळलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या खुंट्याला पाटी: 'गायीशी गप्पा मारू नये.' त्यांचं म्हणणं एकच. "पाटी कोनी उगाच नाई लावत, मॅडम. पहिले कोनीतरी मरते, मंग पाटी लागते."

तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. जी गोष्ट संपली तिला भोक. वाचून झालेला पेपर, लग्न लागून गेलेली पत्रिका, गोळ्या संपलेलं पाकीट. माझ्याशी बोलणं संपलं की हवेतच दोनदा टिकटिक करत आणि निघून जात. नागपूरच्या डॉक्टरांच्या फाइलला त्यांनी वरच्या कोपऱ्यात ओळीनं भोकं पाडली होती, प्रत्येक तपासणीचं एक. डॉक्टरांना वाटलं, उंदीर लागला.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ते नोकरीत होते. ही बातमी बाकीच्या जिल्ह्यानं पेपरात वाचली, त्यांच्या गाडीतल्या प्रवाशांनी ती सोसली. गाडी साकोली सोडून सौंदडच्या अलीकडे नव्या हद्दीवर आली की ते एक घंटी देऊन गाडी थांबवत आणि खड्या आवाजात सांगत, "भंडारा जिल्हा संपला. ज्याले भंडाऱ्यातच राहायचं हाय त्यानं उतरून घ्या!" कोणी उतरत नसे. मग दोन घंट्या, गाडी चालू. एकदा एक म्हातारी घाबरून गाठोड्यासकट खरंच उतरली. तिला परत चढवायला ड्रायव्हर, काकाजी आणि निम्मी गाडी लागली. तरी पुढच्या फेरीला घोषणा झालीच.

या माणसाचा आणखी एक सिद्धांत होता, आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला. एस्टीत माणूस मरत नाही. त्यांच्या सबंध नोकरीत त्यांच्या गाडीत एकही माणूस मेला नव्हता. उलट एका बाईनं मागच्या सीटवर मुलगा जन्माला घातला होता, आणि त्याचं अर्धं तिकीट फाडावं की नाही यावर डेपोत वाद झाला होता. एकदा कोणाच्या तरी छातीत कळ आली, तर काकाजींनी दवाखान्यापर्यंत घंटीची दोरी सोडली नाही. तो माणूस स्वतःच्या पायानं उतरला.

"मग वाचला ना?" मी विचारलं.

"उतरल्यावर गेला. पन तो दवाखान्याचा हिशोब. आपल्या गाडीतून जितता उतरला."

स्वतः काकाजींच्या छातीत डाव्या खांद्याजवळच्या हाडाखाली पेसमेकर होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा उंचवटा सदऱ्यावरूनही कळायचा. त्याबद्दल त्यांना फार अभिमान. "दिल थांबलं का हे अंदरून घंटी देते, मंग ते चालते. माह्या अंदर कंडक्टर बसला हाय, मॅडम. अन् तो कधी रजेवर नाई जात."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग जावयानं गाडी घेतली.

काकाजींना एकच मुलगी, नागपूरला दिलेली. जावई कंपनीत नोकरीला, स्वभावानं चांगला, फक्त गाडीच्या बाबतीत हळवा. नवी गाडी घेऊन दोघं साकोलीला आले तेव्हा गल्ली गोळा झाली. जावई खिशात हात न घालता गाडीजवळ गेला, दाराला बोट लावलं, दार उघडलं. आत बसून एक बटण दाबलं, गाडी सुरू झाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. काकाजी पुढं झाले.

"जवाईबापू, चाबी कोठं हाय?"

"खिशात आहे, मामाजी. लावावी लागत नाही. ती जवळ आहे हे गाडीला समजते."

"कसं समजते?"

"वायरलेस आहे ना. गाडी विचारते, चाबी उत्तर देते. चला, बसा तुम्ही पहिले. तुमच्याच हातानं सुरुवात करायची म्हणून थेट इकडे आणली."

काकाजी बसले नाहीत. "गाडीचं पुस्तक असन ना?" एवढंच विचारलं. ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन छपरीत बसले, आणि जेवणं झाली, वामकुक्षी झाली, चहा झाला तरी उठले नाहीत. अडेल तिथं मला हाक. मधेच उठून त्यांनी एक प्रयोगही केला. गाडी चालू ठेवायला लावली, चाबी घेतली आणि गल्लीच्या टोकाच्या बोअरिंगच्या हातपंपापर्यंत चालत गेले. गाडी टीं टीं करून ओरडली, पण चालूच राहिली. मग तिथूनच हात हलवून त्यांनी जावयाला ती बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. बंद झाली. चालू होईना.

"म्हनजे चालू हाय तोवर चालन," परत येऊन ते समाधानानं म्हणाले. "बंद केली का चाबी पाह्यजेच. पुस्तकात बी तेच लिवलं हाय."

आणि मग ते पान आलं. शरीरात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी गाडीच्या अँटेनापासून अमुक सेंटिमीटर अंतर ठेवावं, शंका असल्यास डॉक्टरांना विचारावं. मी वाचून दाखवलं. काकाजींनी अंगठा आणि करंगळी ताणली, पट्टीवर ठेवून पाहिली. बरोबर एक वीत भरली.

"ॲन्टेना कोठं कोठं हाय?"

दारांत, मधल्या भागात, डिकीत. मी चित्र दाखवलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं ते असं, की आता ही फणसाच्या झाडाखाली उभी केली पाहिजे.

मी माझं फिजिक्स लावून पाहिलं. लहर दुबळी असते, अंतराबरोबर झपाट्यानं कमी होते, पेसमेकरला वरून कवच असतं, तुम्ही दाराला छाती टेकवून तासभर उभे राहणार आहात का? त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमी लहरीच्या मॅडम हाव. बरोबरच सांगत असान. पन पाटी तुमी लावली का कंपनीनं?"

टिकटिक. बोलणं संपलं.

जावई त्या दिवशी रात्रीचं न जेवता नागपूरला गेला. ज्याच्यासाठी गाडी पहिल्यांदा इकडे आणली त्यानंच आत पाय ठेवला नाही, म्हटल्यावर जावयानं रुसायचं नाही तर कोणी? "मामाजीले माह्या गाडीचं काय वावडं आहे, समजतच नाही," म्हणाला. पुढं सासऱ्याच्या घरी यायचा तो गाडी दुसऱ्या गल्लीत लावून.

इकडे काकाजींची वीत सुरू झाली. साकोली हायवेवरचं गाव, गाड्यांना तोटा नाही, आणि बाहेरून बघून कोणती बिनचाबीची ते कळत नाही. म्हणून सगळ्याच गाड्या संशयित. बाजारात जाताना गाडी दिसली की काकाजींचा उजवा हात छातीवर जायचा. अंगठा पेसमेकरवर, करंगळी गाडीच्या दिशेला. वीत पुरली की पुढं पाऊल. लोकांना वाटायचं, काकाजी छातीला हात लावून नमस्कार करून राहिले. मग जयभीमवाले जयभीम म्हणत, रामरामवाले रामराम, आणि भाजीवाला तर एका हातात कांदे धरून दुसऱ्यानं तशीच वीत परत करायचा. थोड्या दिवसांनी शाळेची पोरं एकमेकांना वीत दाखवून भेटू लागली. तहसीलच्या एका साहेबांनी गाडीतून उतरता उतरता स्वतःच्या छातीवर वीत ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की साकोलीत असंच करतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकाजी जिन्यावर बसून राहू लागले. आधी मला वाटलं, पाटी पुसतायत. मग एकदा पाण्याची बादली घेऊन येताना ते भिंत धरून उभे दिसले, चेहरा पांढराफटक. नागपूरला तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पेसमेकरची बॅटरी संपत आली आहे, मशीन बदलावं लागेल, आणि दिलेली तारीख चुकवू नका. लहानसं काम आहे, पण आता एस्टीचे धक्के खात येऊ नका, घरच्या गाडीनं या. गाडीचं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "छाती दाराला चिकटवू नका, चाबी डाव्या खिशात ठेवू नका. बाकी बिनधास्त बसा." यातलं पहिलं अर्धं काकाजींनी घेतलं आणि दुसऱ्या अर्ध्याला भोक पाडलं.

"मी एस्टीनं जाईन," घरी आल्यावर ते म्हणाले.

"बाबा, रस्त्यात चक्कर आली तं? उभं राहावं लागलं तं?" मुलगी काकुळतीला आली.

"एस्टीनं जाईन. नाई तं नाई जात."

मुलगी माझ्या खोलीत येऊन रडली. दोघी होतो, त्यामुळे बसून. तेव्हा तिनं मला सांगितलं. तिची आई, म्हणजे काकाजींची बायको, अशीच एकदा अचानक आजारी झाली होती. काकाजी म्हणत होते, समोर नागपूरची एस्टी उभी आहे, तिनं नेऊ. लोक म्हणाले, काय वेडेपणा, जीप करा, लवकर पोचाल. जीप केली. लाखनीच्या पुढं त्या जीपमध्येच ती गेली. "ते एस्टी आमच्या मागून आली अन् आम्हाले पार करून गेली," मुलगी म्हणाली. "बाबा तिच्याकडं पाहतच राहिले. तेव्हापासून खासगी गाडीत पाय नाई ठेवला. कोणाच्याच."

 एवढे दिवस मी त्यांना लहरी समजावून सांगत होते याची मला आतून फार शरम वाटली.

"हे तुझ्या नवऱ्याला माहीत आहे?"

"बाबानं कोनालेच सांगू देलं नाई. म्हनते, हे का पाटीवर लिवायची गोष्ट हाय?"

तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा काकाजी स्वतःहून छपरीतून म्हणाले, "ठीक हाय. जवाईबापूच्या गाडीनं येतो. पन चाबी एस्टीनं येईन."

कोणालाच काही कळलं नाही. त्यांनी समजावलं. गाडी चाबीशी बोलते, बोलणं छातीला बाधते. तर गाडी साकोलीच्या स्टँडबाहेर सुरू करायची आणि चाबी साडेआठच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. गाडी चालू आहे तोवर चालेल, पुस्तकात लिहिलं आहे. आपण एस्टीच्या मागं मागं नागपूरपर्यंत जायचं आणि तिथं चाबी घ्यायची.

"अहो काकाजी, चाबी नसली तर गाडी तिला उलट जास्तच शोधेल," मी म्हणाले.

"शोधू द्या. थकन अन् चूप बसन."

जावई लाल झाला. पण मुलीनं हात जोडले, आणि तारीख तर चुकवायची नव्हती. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. यायले तयार झाले हेच खूप आहे." मला सोबत घेतलं लहरींवर लक्ष ठेवायला, कॉलेजला सुट्टी होतीच.

सकाळी काकाजी मागच्या सीटवर बरोबर मधोमध बसले, दोन्ही दारांपासून दोन-दोन विती मोजून. मी दाराला चेपलेली. समोर त्यांनी आदल्या दिवशी रंगवलेला पुठ्ठा टांगला: 'चालत्या गाडीत जावयाशी बोलू नये.' स्टँडबाहेर कंडक्टर पोरगा आला. चाबी रुमालात बांधून त्याच्या हाती दिली.

"हिचं अर्धं तिकीट फाड."

"चाबीले कायचं तिकीट, काकाजी?"

"सामान बिनातिकिटाचं नेऊ नये. पाटी वाचली नाई का?"

तिकीट फाडलं गेलं, काकाजींनी आपल्या चिमट्यानं त्याला भोक पाडलं. एस्टी निघाली, आमची गाडी टीं टीं करत तिच्या मागं. समोरच्या काचेखाली लाल अक्षरं पेटली की चाबी सापडत नाही. जावई दातओठ खात होता. तो काहीही बोलला की काकाजी पुठ्ठ्याकडे बोट दाखवत.

असा प्रवास मी जन्मात केला नाही. एस्टी थांबली की आम्ही थांबायचं, इंजिन चालू ठेवून. हात दाखवणारा दिसला की एस्टी थांबे, आम्हीही थांबू, आणि तो माणूस एस्टीत गर्दी बघून आमचं दार उघडू लागे. प्रत्येक थांब्यावर मागच्या काचेतून कंडक्टर पोरगा रुमाल सोडून चाबी वर धरायचा. 'हाय, हाय, इथंच हाय!' लाखनी गेलं. लाखनीच्या पुढं काकाजी डोळे मिटून बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मुलीनं मागं हात करून त्यांचा गुडघा धरून ठेवला, भंडारा येईपर्यंत सोडला नाही.

भंडाऱ्याला एस्टी स्टँडात वळली. फाटकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: 'खासगी वाहनांस प्रवेश बंद.' जावयानं ब्रेक दाबला.

"घ्या अंदर," काकाजी म्हणाले.

"मामाजी, पाटी आहे."

"घ्या म्हनलो ना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाटी वाचली होती. वाचून मान दुसरीकडे केली होती. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आम्ही आत जाऊन उभे राहिलो. एस्टी तिच्या फलाटाला लागली, माणसं उतरली, चढली. तेवढ्यात स्टँडचा एक साहेब काठी घेऊन आमच्या काचेवर आला. "अबे, खासगी गाडी कशी आनली? बंद करा! पहिले गाडी बंद करा!" त्याच वेळी जावयाच्या कंपनीतून फोन वाजू लागला. मागून एस्टीच्या दोन घंट्या ऐकू आल्या.

"साहेब म्हनून राहिले, बंद करा ना," काकाजी शांतपणे म्हणाले.

वैतागलेल्या जावयानं एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्यानं बटण दाबलं. गाडी बंद झाली.

 मग जावयानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि त्यानं वर पाहिलं तेव्हा एस्टी चाबीसकट फाटकाबाहेर जात होती. मुलीनं कंडक्टरला फोन लावला. तो म्हणाला, गाडी उशिरा आहे, ड्रायव्हर परत फिरवत नाही, चाबी नागपूरलाच भेटेल. गाडीची दुसरी चाबी नागपूरला कपाटात.

जावई वळला. काकाजी पिशवी खांद्याला लावून तयार होते. समोर विनाथांबा नागपूर गाडी उभी होती.

"तुम्ही हे जाणूनबुजून केलं, मामाजी!" जावई ओरडला. "पुस्तक पाठ आहे तुम्हाले! बंद केली तं चालू होत नाही, हे तुम्हाले माहीत होतं!"

"हो," काकाजी म्हणाले.

"काहून? माह्या गाडीत असं काय वाईट आहे?"

काकाजींनी चिमटा काढला नाही. हात नुसताच खिशावर ठेवला. "तुमची गाडी चांगली हाय, जवाईबापू. मलेच भेव लागते. तुमची सासू अशाच गाडीत गेली, लाखनीपुढं, माह्या मांडीवर. एस्टी बाजूनं चालली गेली. आज बी लाखनी गेलं तं मले वाटलं, आता मी बी जातो." त्यांचा आवाज बारीक झाला. "मले जितता पोचायचं हाय. मले एस्टीनं जाऊ द्या."

जावयाच्या तोंडावरचा राग कुठं गेला ते मला दिसलं नाही, कारण मी डोळे पुसत होते. त्यानं काकाजींच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"चला," म्हणाला.

"अन् गाडी?" मुलगी म्हणाली. "चाबी नाई तं लॉक बी नाई होत."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम बसन," काकाजी म्हणाले. "बसून एक."

विनाथांबा गाडी खचाखच भरली होती. काकाजींना कोणीतरी खिडकीची जागा दिली, पण चढणाऱ्यांची पाठ, पिशव्या, कोपरं सगळी त्यांच्या छातीवर येत होती. मी खालून पाहत होते. जावई त्यांच्या शेजारी उभा राहिला, गर्दीकडे पाठ करून. एका हातानं वरची दांडी धरली. दुसरा हात त्यानं सासऱ्याच्या छातीसमोर आडवा धरला, अंगठा आणि करंगळी ताणून. एक वीत. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो हात तसाच होता.

त्यानंतर मी होते आणि ती गाडी होती. मी पुढं जावयाच्या जागेवर जाऊन बसले. काठीवाला साहेब पुन्हा आला. चाबी एस्टीनं गेली असं मी सांगितल्यावर तो काठी उगारूनच थांबला. "साकोलीचे काकाजी तं नाई? ते पाटीवाले?" मी मान हलवली. "मंग बसा बाप्पा," म्हणाला आणि मला चहा पाठवला. दोघातिघांनी येऊन नागपूरची सीट आहे का विचारलं. एक बाई तिची कोंबडीची टोपली माझ्या मांडीवर ठेवून पाणी प्यायला गेली आणि बऱ्याच वेळानं आली. मी दर थोड्या वेळानं फोन पाहत होते. फोन येत नव्हता. पुठ्ठा समोर लटकत होता.

ऊन कलल्यावर नागपूरहून परतलेली गाडी लागली. कंडक्टर पोरगा धावत आला, रुमाल माझ्या हातात दिला. "तुमच्या पाहुन्याईले स्टँडवर पाह्यलं, पन बोलाले टाइम नाई भेटला," म्हणाला. "म्हातारबाबाले ऑटोत बसवून राहिले होते." त्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं.

मग फोन वाजला. जावई होता. आवाज बसलेला.

"मॅडम, चाबी भेटली का?"

"भेटली. काकाजी कसे आहेत?"

तिकडे कोणीतरी काहीतरी बोललं, भांडं पडल्याचा आवाज झाला. जावयाला माझं ऐकूच गेलं नसावं. "गाडी ठीक आहे ना? कोणी घासली तं नाही?"  माणूस वाईट बातमी सांगायच्या आधी असंच काहीतरी विचारतो. "मग असं करा," तो म्हणाला, "गाडी घेऊन हळूहळू साकोलीले जा. मी उद्या येतो तिकडे."

"मला गाडी चालवता येत नाही," मी म्हणाले.

 हे सकाळपासून कोणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात तिकडून, लांबून, खाटेवरून, बारीक पण ओळखीचा आवाज आला.

"मॅडमले म्हना, एस्टीनं या."

मी फोन धरूनच स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. डोक्याखाली हॉर्न वाजला. स्टँडवरची माणसं थबकून पाहू लागली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी डोळे पुसले आणि हॉर्न आणखी एकदा वाजवला.